भिक्षावळीत बोकडाचा छकडा जुंपायचा का? नाशिकच्या एका वाड्यातल्या जुन्या गाडीचं प्रकरण

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण अशा छोट्या गाड्या अजून बऱ्याच घरांत माळ्यावर, गोठ्यात, पडवीत पडून असणार आणि हल्ली जुनं काही सापडलं की ते कार्यक्रमात वापरायची हौस सगळ्यांनाच आहे. हौस चांगलीच आहे. फक्त गाडी म्हणजे नुसती वस्तू नाही, तिच्यापुढे एक जिवंत जनावर असतं आणि आत एक लेकरू असतं, त्यामुळे इथे काय काय तपासलं आणि शेवटी काय ठरलं ते नीट कळावं म्हणून हा खटाटोप.

जुन्या नाशकात तिवंध्याच्या बाजूला आमच्या ओळखीच्या काकांचा वाडा होता, तो रीडेव्हलपमेंटला गेला. सामान काढताना माळ्यावरून लहान मुलांचा दोन चाकी छकडा खाली आला. काकांच्या नातवाची मुंज वैशाखात, गंगापूर रोडच्या एका कार्यालयात. घरात लगेच ठरलं की संध्याकाळच्या भिक्षावळीला, म्हणजे मुंजीनंतर निघणाऱ्या मिरवणुकीला, बटू घोड्यावर किंवा बग्गीत नको, आपल्याच घरच्या छकड्यातून जाणार आणि छकड्याला बोकड जुंपायचा, पूर्वीसारखा. डेकोरेशनवाल्याने तर सांगितलं की एक नको दोन जुंपू, रंगीत जू करून देतो, शिंगांना बेगड लावू, व्हिडिओत भारी दिसेल. मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवायचो, लोखंड-लाकडाची कामं हातची आहेत म्हणून काकांनी गाडी दुरुस्त करायला माझ्याकडे आणून टाकली. "चाकं तेवढी फिरती कर रे, बाकी आम्ही बघतो," एवढंच काम होतं खरं तर.

गाडीचं वर्णन आधी करतो. चाकं दीड फूट व्यासाची, तुंबा (चाकाचा मधला गोळा) आणि आरे (त्यातून निघणाऱ्या काड्या) बाभळीचे, वरून लोखंडी धाव, म्हणजे चाकावरची पट्टी. साटा, म्हणजे बसायची चौकट, सागवानी, एक मोठं मूल किंवा दोन लहान मुलं बसतील एवढाच. पुढे टांग्यासारख्या दोन दांड्या, म्हणजे एकाच जनावराची गाडी. साट्याच्या पुढच्या आडव्या लाकडाला खालच्या अंगाला दोन लोखंडी हुक, आणि मागच्या बाजूला बरोबर मधोमध एक जाड कडी. ही कडी आधी मला कळेना. शोभेची नव्हती, कारण तिचा वरचा भाग घासून जवळजवळ अर्धा झाला होता आणि खालचा भाग नव्यासारखा जाड, म्हणजे तिच्यात काहीतरी अडकवून वर्षानुवर्षं मागे आणि वर ओढलेलं होतं. मी ती कडी बराच वेळ हातात धरून बघत बसलो होतो.

उत्तर मिळालं काकांच्या वडिलांकडून. आजोबांनी ऐंशी कधीच ओलांडलीय, ऐकू कमी येतं पण आठवण एकदम लख्ख. त्यांना गाडी दाखवली तर आधी त्यांनी धाव चाचपली, मग मागे गेले आणि म्हणाले, "ही दोराची कडी. उतारावर मागून धरायची." तिवंध्यावरून नदीकडे उतरायचं म्हणजे उतार केवढा हे जुन्या नाशकात राहिलेल्याला सांगायला नको. गाडीला ब्रेक नाही, मग उतारावर गाडी बोकडाच्या मागच्या पायांवर चढते. म्हणून एक मोठा मुलगा कडीला दोर बांधून मागून ताणून धरायचा आणि एक जण बोकडाच्या तोंडाशी चालायचा. मी विचारलं, "आजोबा, मग बसायचं कोण?" तर म्हणाले, "बसायचं कसलं, घाटावरनं गवताचा भारा आणायचा असायचा. रिकामी गाडी सपाटीला असली तर धाकट्याला बसवायचं. चढ आला की सगळ्यांनी खाली, तो नियमच होता, नाहीतर वडील गाडी काढून घ्यायचे."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य हेच. आपण जुने फोटो बघतो त्यात मूल ऐटीत बसलेलं असतं आणि आपल्याला वाटतं ती फिरायची गाडी. प्रत्यक्षात निदान या घरात तरी ती मुलांना जनावर हाताळायला शिकवायची गाडी होती, मुलं बसायची कमी आणि सोबत चालायची जास्त. आणि बोकड घरातच वाढलेला, मुलांच्याच हातचा पाला खाऊन मोठा झालेला.

बाहेरच्या देशांतही मुलांच्या अशा गाड्या खूप होत्या, थोडं सांगतो. इंग्लंडात ब्रायटनसारख्या समुद्रकिनाऱ्याच्या गावी मुलांना बोकडांच्या गाडीत फिरवायचे, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्येही बोकडगाड्या भाड्याने मिळायच्या. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिरते फोटोग्राफर बोकड आणि सजवलेली गाडी घेऊन गल्लोगल्ली जायचे, मुलाला गाडीत बसवायचं, फोटो काढायचा, पुढच्या घरी. म्हणजे त्या काळच्या बऱ्याच फोटोंतली गाडी त्या मुलाची नसायचीच. अब्राहम लिंकनचा धाकटा मुलगा टॅड याच्याकडे नॅनी आणि नँको अशी दोन शेळ्यांची जोडी होती आणि एकदा त्याने व्हाइट हाउसच्या मोठ्या दालनातूनच ती खुर्चीला जुंपून पळवली होती. पुढे बेंजामिन हॅरिसन राष्ट्राध्यक्ष असताना (१८८९ ते १८९३) त्यांच्या नातवंडांसाठी बोकड पाळला होता, तो एकदा गाडीतल्या मुलांसकट फाटकातून बाहेर रस्त्यावर पळाला आणि स्वतः राष्ट्राध्यक्ष टोपी आणि काठी सांभाळत मागे धावले अशी गोष्ट तिकडे प्रसिद्ध आहे. लोक ती मजेची गोष्ट म्हणून सांगतात. मी ती काकांना वेगळ्या कारणाने सांगितली, कारण तिथे ढोल नव्हता आणि आपल्याकडे नाशिक ढोल असणार होता. कुत्री जुंपलेल्या गाड्या तर इंग्लंडने कायद्यानेच बंद केल्या, लंडनपुरत्या १८३९ च्या कायद्याने आणि देशभर १८५४ च्या.

आपल्या भागात चाकाच्या गाडीचं वेड किती जुनं आहे ते बघायला लांब जायला नको, प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली तांब्याच्या वस्तू सापडल्या त्यात बैलजोडी जुंपलेला, उभा सारथी असलेला छोटा रथ आहे, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. तो काही मुलांचं खेळणं नव्हता, भलताच जड आहे. पण मोहेंजोदडो-हडप्पाला भाजक्या मातीच्या छोट्या गाड्या ढिगाने मिळाल्या, त्या खेळण्यातल्याच असाव्यात असं बरेच अभ्यासक मानतात. आणि आपल्या नाशकात १८९० च्या आसपास सुरू झालेली स्टेशन ते मेन रोड ट्रामसुद्धा सुरुवातीला घोडेच ओढायचे. जनावराच्या मागे बसणं हे आजोबांच्या पिढीला आपल्याला स्कूटर जेवढी साधी तेवढंच साधं होतं.

असो, परत मुद्द्यावर.

पहिला घोळ जुवाचा. बैल ओढतो तेव्हा जू त्याच्या वशिंडाला टेकतं आणि बैल वशिंडाने जू पुढे ढकलतो. बोकडाला वशिंड आहे कुठे? त्याच्या मानेवर जू ठेवलं तर ते सरकत जाणार आणि जोताचा, म्हणजे जू गळ्याला बांधणाऱ्या पट्ट्याचा, सगळा ताण गळ्यावर, म्हणजे श्वासनळीवर येणार. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी असेल तर बोकड चालेल सुद्धा, पण जोर लावायची वेळ आली की तो स्वतःचाच गळा आवळून घेणार. बोकडाला घोड्यासारखा छातीपट्टा लागतो, गळ्याच्या खाली आणि पुढच्या पायांचा जिथे खांदा सुरू होतो त्याच्या जरा वर आडवा रुंद पट्टा, तो वर सरकू नये म्हणून मानेवरून एक बारीक पट्टी, आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांपासून दोर मागे गाडीच्या हुकांपर्यंत. गाडीचे ते खालचे दोन हुक यासाठीच होते. म्हणजे ज्याने कुणी ही गाडी बांधली त्याला सगळं माहीत होतं. डेकोरेशनवाल्याचं जू चढवलं असतं तर गाडी "पारंपरिक" दिसली असती आणि परंपरेतली अक्कल तेवढी गेली असती. याच्यावर मी अडून बसलो आणि काकांनाही ते पटलं.

चाकांचं काम मोठं होतं. इतकी वर्षं माळ्यावरच्या कोरड्या हवेत लाकूड सुकून आक्रसलेलं, धाव हाताने हलवली तर खडखड वाजायची. बरेच जण अशी चाकं रात्रभर पाण्यात टाकतात, लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसल्यासारखी वाटते, पण चार दिवसांत परत सुटते. मुलाला बसवायचं असेल तर हे चालणार नाही. मग धाव कापून थोडी आखूड केली, वेल्डिंग मारून घासून घेतली आणि जुन्या पद्धतीने गोवऱ्यांच्या आगीत तापवून चढवली. दीड फुटी चाकाचा घेर साधारण १४३६ मिलिमीटर, लोखंड ४०० अंशांनी जास्त तापलं की तो घेर जवळपास ७ मिलिमीटरने वाढतो, तेवढ्यात धाव लाकडावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. पाणी पडलं की धाव आवळते आणि सगळे आरे तुंब्यात कचकन आत बसतात, तो आवाज ऐकला की समजायचं चाक झालं. काकांचा नातू तिथेच उभा होता, त्याला हा प्रकार मुंजीपेक्षा जास्त आवडला असं त्याची आई सांगत होती. आसाला ग्रीस भरलं. बेअरिंग घालायचा आग्रह झाला, घातलं असतं तर गाडी नक्कीच हलकी चालली असती, पण तुंबा पोखरावा लागला असता आणि तो जुना तुंबा मला मोडायचा नव्हता.

आता वजनं, आणि खरा निर्णय इथे झाला. गाडी ३८ किलो भरली. मुलगा २६. म्हणजे ६४ किलो, फुलं-बिलं सोडून. ज्या ओळखीच्या माणसाकडून बोकड आणणार होते तो संगमनेरी बोकड ३६ किलोचा. शेळीपालनवाले ढोबळ हिशेब सांगतात की शिकवलेला, पूर्ण वाढलेला बोकड चाकाच्या गाडीत गाडीसकट आपल्या वजनाच्या दीडपट ओढू शकतो, म्हणजे इथे ५४ किलो. म्हणजे कागदावरच १० किलो जास्त. पण कागदापेक्षा रस्ता खरा, म्हणून सामानाची बॅग मोजायचा लटकता काटा दांड्यांना बांधला, मुलाला गाडीत बसवलं आणि मीच ती गाडी भिक्षावळीच्या रस्त्यावरून ओढून काटा वाचत गेलो. सपाट डांबरावर चालत्या गाडीला दोन-सव्वादोन किलोची ओढ. थांबलेली गाडी हलवताना एकदम सहा-सात. कार्यालयापासून मारुतीच्या देवळापर्यंत मध्ये एका नाल्यावर छोटी मोरी आहे, तिच्या चढावर साडेसहा किलो सतत.

सतत ओढायचं म्हणजे जनावराने आपल्या वजनाच्या दहा-बारा टक्केच जोर लावावा असं बैलांच्या बाबतीत धरतात, बोकडालाही तेच लावलं तर ३६ किलोच्या बोकडाला साडेतीन ते सव्वाचार किलो. सपाटीला चालेल, मोरीवर अजिबात नाही. आणि मिरवणूक म्हणजे दर दहा पावलांवर थांबणार, कुणीतरी ओवाळणार, परत चालू, म्हणजे तो सहा-सात किलोचा पहिला झटका पुन्हापुन्हा. आजोबांच्या "चढ आला की सगळ्यांनी खाली" या नियमाचं गणित काट्यावर जसंच्या तसं दिसत होतं.

अजून एक गोष्ट जी कुणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे तोल. दोन चाकी गाडीत बसणारा कुठे बसलाय यावर बोकडाच्या पाठीवर काय येतं ते ठरतं. मुलगा आसाच्या १५ सेंटिमीटर पुढे बसला तर दांड्यांमधून बोकडाच्या पाठीवर साधारण साडेतीन किलो येतात, हे ठीक आहे. पण तोच मुलगा मावशीला हात करायला मागे वळून मागच्या फळीवर उभा राहिला, आसाच्या ३० सेंटिमीटर मागे, की गाडी उलाळते, दांड्या सात किलोच्या जोराने वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा तंग (पट्टा) बोकडाच्या पोटात रुततो. आठ वर्षांचा मुलगा स्वतःच्या मुंजीत अर्धा तास एका जागी बसेल? मी नाही मानत.

काका एव्हाना थोडे नाराज. त्यांचं म्हणणं, "अरे बैलगाडा शर्यती चालतात कोर्टाच्या परवानगीने, आणि माझ्या नातवाचा एक बोकड चालत नाही?" प्रश्न बरोबर होता म्हणून नीट उत्तर दिलं. सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये शर्यतींना मान्यता दिली ती राज्याने केलेल्या कायद्याच्या दुरुस्तीमुळे आणि नियम-अटींसकट, आणि तो विषय बैलांचा. आपल्याला लागू होतो तो १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा, त्यात कलम ११ प्रमाणे जनावरावर जास्त भार लादणं, काम करायला लायक नसलेलं जनावर जुंपणं हा गुन्हा आहे. याच कायद्याखाली १९६५ चे ओढकामाच्या जनावरांचे नियम आहेत, त्यात कुठल्या गाडीत किती वजन याचा तक्ताच दिलाय, उदाहरणार्थ लहान बैलाला साध्या चाकाच्या दोन चाकी गाडीत ५०० किलो, हवेच्या टायरला ७५०, बॉल बेअरिंग असेल तर १०००, म्हणजे चाकाने केवढा फरक पडतो बघा. बैल, रेडा, घोडा, खेचर, तट्टू, उंट सगळे आहेत त्यात. बोकड नाही. काकांचे जावई म्हणाले नाही म्हणजे बंधन नाही. माझं मत उलट आहे, तक्त्यात नाही म्हणजे सरकारने तुमच्यासाठी आकडा काढून ठेवलेला नाही, तो तुम्हालाच काढावा लागेल आणि जास्त झालं तर कलम ११ आहेच. त्याच नियमांत पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही असंही आहे. भिक्षावळ संध्याकाळी पाचची होती हे खरं, पण वैशाखात नाशकात पारा ३८-४० ला जातो आणि पाचलाही डांबर अनवाणी पायाला सोसत नाही.

जनावरांच्या डॉक्टरांना बोकड दाखवला. त्यांनी दात बघून सांगितलं, दोन वर्षांचाही नाही अजून, हाडं भरायची आहेत. शिवाय खच्ची केलेला नाही म्हणजे तापट, आणि आयुष्यात कधी पट्टा अंगावर घेतलेला नाही. त्यांनी एक साधी चाचणी केली. बोकडाला अंगणात बांधलं, शांत असताना श्वास मोजले, मिनिटाला पंचविसाच्या आसपास, बोकडाला १५ ते ३० नॉर्मल धरतात. मग काकांच्या पुतण्याने थोड्या अंतरावर नुसता ताशा वाजवला, ढोल नाही, फक्त ताशा. बोकड दावं तोडायला निघाला, डोळे पांढरे, श्वास मोजता येईना. तेव्हा दोरी त्याच्या गळ्यात होती, गाडी मागे नव्हती आणि गाडीत मुलगा नव्हता. त्यानंतर काकांनी वाद घातला नाही. वहिनींनी फक्त एवढंच विचारलं की मग आता पोराला काय सांगायचं, त्याने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

पोराला आजोबांनी सांगितलं. त्याला शेजारी बसवून कडी दाखवली, दोर कसा धरायचा ते दाखवलं आणि म्हणाले, "गाडीत धाकटे बसतात, तू मोठा झालास ना आता, मुंज आहे तुझी." हे मला नसतं सुचलं.

भिक्षावळ अशी झाली की छकडा निघाला, त्याला बोकड नव्हता, चुलत-मावस भावंडांनी दांड्या धरून ओढला. मोरीच्या चढावर बटू खाली उतरला, उतारावर त्यानेच मागून दोर धरला. ढोल होता, जोरात होता, कुणाला काही त्रास नाही. बोकड त्याच्या मालकाकडे परत गेला.

पण विषय तिथे सोडला नाही, कारण ही गाडी नुसती शोकेसला ठेवायची असं माझंही मत नाही. काकांची मखमलाबादकडे थोडी शेती आहे, तिथे आता बोकडाचं एक लहान करडू आणलंय, खच्ची करून घेतलंय, सुट्टीच्या दिवशी नातू आणि त्याची बहीण जाऊन त्याला हाताने चारा घालतात. क्रम असा ठरवलाय की आधी नुसता छातीपट्टा अंगावर घालून फिरवायचं, मग पट्ट्याला हलकं लाकूड बांधून मागून ओढायला लावायचं म्हणजे मागून येणाऱ्या आवाजाची सवय होते, मग रिकामी गाडी सपाट शेतरस्त्यावर, आणि वजन ते दोन-अडीच वर्षांचं झाल्यावरच. तेव्हाही मुलगी बसेल, ती १५ किलोची आहे, मुलगा बसणार नाही. अर्थात तोवर तीही वाढेल, त्यामुळे बहुतेक शेवटी गवताचा भाराच येईल गाडीतून.

ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांच्यासाठी पट्ट्याचं सांगतो. आम्ही छातीपट्टा अडीच इंच रुंद केला, आतून नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) थर, कडा गोल करून शिवलेल्या, आणि दोन्ही बाजूंना बकलची भोकं जास्तीची ठेवली कारण करडू वाढतंय. बोकड मान खाली घालून चरू शकला पाहिजे आणि पट्ट्यात वरून चार बोटं सहज गेली पाहिजेत. उतारासाठी मांड्यांच्या मागून जाणारा पट्टा या गाडीला कधी नव्हताच, तो आता नवीन करतोय. मागची कडी मात्र बदलली नाही. अर्धी झिजली असली तरी ताण देऊन बघितलाय, धरते.